तिकीटवेडा फिलिप

मैत्रिणींनो, मुलांची तिकिटांची वही म्हणजे आपल्याला पसाराच वाटतो ना? मग फिलिप फेरारीची गोष्ट ऐकाच! १८५० मध्ये पॅरिसमध्ये त्याचा जन्म. घरी पैशाला तोटा नव्हता. वडील १८७६ मध्ये गेले, तेव्हा त्याने त्यांची सरदारकी नाकारली. तिकिटं मात्र सोडली नाहीत! ब्रिटिश गयाना या इंग्रजांच्या वसाहतीतलं एक सेंटचं किरमिजी तिकीट बारा वर्षांच्या पोराने सहा शिलिंगांना विकलं होतं. १८७८ मध्ये ते फिलिपकडे आलं. तसं दुसरं जगात माहीत नाही.

ठेवा एकत्र राहावा म्हणून त्याने मृत्युपत्रात तो बर्लिनच्या टपाल संग्रहालयाच्या नावे केला. १९१७ मध्ये तो वारला, तेव्हा फ्रान्स-जर्मनीचं युद्ध पेटलेलं. फ्रेंच सरकारने संग्रह जप्त करून १९२१ ते १९२५ दरम्यान लिलावात विकला. जन्मभराचं जमवलेलं दाही दिशांना पांगलं. ते एक तिकीट २०१४ मध्ये जवळजवळ ९५ लाख डॉलरला गेलं!

त्याच्या आईने, मारियाने, हयातीतच जिनोव्हात बांधलेलं इस्पितळ मात्र आजही रुग्णांची सेवा करतंय. द्यायचं ते हातपाय चालताहेत तोवर आपल्या हातानं द्यावं, बायांनो!