सरखेल कान्होजी आणि किनाऱ्यावरची बातमी

किनाऱ्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा बहुधा गस्तीच्या नौका किती, त्यांतल्या चालू किती आणि दुरुस्तीसाठी ओढून ठेवलेल्या किती, या हिशेबात अडकते. तो हिशेब अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंतचे पाणी ज्या पुरुषाने सुमारे तीस वर्षे परकीयांना निर्धोकपणे वापरू दिले नाही, त्याच्या चरित्राकडे पाहिले असता निराळीच गोष्ट नजरेत भरते. सरखेल कान्होजी आंग्रे यांची गलबते आणि गुराबा इंग्रजांच्या जहाजांपुढे लहान होत्या. तोफाही हलक्या होत्या. बातमी मिळणे आणि तिच्यावर कृती होणे यांच्यामधले अंतर मात्र त्यांच्या राज्यात फार थोडे होते. त्यांच्या शत्रूंना हे कधीच साधले नाही. त्या शत्रूंनी आपापसांत केलेल्या संशयाची किंमत एका निरपराध माणसाने तुरुंगात भरली, आणि कान्होजींच्या पश्चात त्यांच्या मुलांनी तीच चूक केली, तेव्हा विजयदुर्ग गेला.

कान्होजींचा जन्म १६६९च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. मुलाचे लहानपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. राजाराम महाराज जिंजीस गेले, मोगल आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांनी कोकणात उचल खाल्ली, त्या धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला वश होत असल्याचे वेळीच ओळखून या तरुणाने किल्ला राखला, अशी परंपरा आहे. पुढे १६९८मध्ये सरखेलपद त्यांच्याकडे आले. एका फुटीर किल्लेदाराची बातमी वेळेत हाती लागण्यापासून ज्याच्या कर्तृत्वाला प्रारंभ झाला, त्याने बातमीचे मोल जन्मभर विसरू नये यात नवल नाही.

त्या काळचा किनारा एका धन्याचा नव्हता. मुंबई इंग्रजांची, वसई आणि चौल पोर्तुगीजांचे, दंडाराजपुरी सिद्दीची, दक्षिणेस सावंत आणि त्यापलीकडे गोवा. शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये पायाभरणी केलेला मालवणचा सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरकरांकडे गेला. प्रत्येकाचा हुकूम वेगळा, जकात वेगळी, जासूद वेगळे. मात्र मासे धरणारा कोळी आणि गाबीत, ताडी काढता काढता शिपाईगिरी करणारा भंडारी, मीठ आणि नारळ वाहणारा तांडेल यांना या हद्दी ओलांडल्याशिवाय पोट भरता येत नव्हते. बातमी वाहत असे ती याच माणसांच्या तोंडून. ज्याच्या बंदरात त्यांना भय कमी, त्याच्या कानावर ती आधी पडे.

कान्होजींनी या वाहत्या बातमीला एक सरकारी पात्र करून दिले. ते म्हणजे दस्तक. पोर्तुगीजांचे कार्ताझ आधीपासून होतेच. त्याच धर्तीवर आपल्या पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाने सरखेलाचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रज इतिहासकारांनी याला चाचेगिरी म्हटले. आपण त्याला सार्वभौमत्व म्हणतो. पण दस्तकाची एक बाजू या वादात दुर्लक्षित राहिली आहे. परवाना देणारा केवळ पैसा घेत नाही. जहाज कोणाचे, कोठून निघाले, कोठे जाणार, हेही त्याला कळते. जकातीचा कारकून आणि आरमाराचा सरदार एकाच धन्याचे चाकर असल्यामुळे एकाच्या वहीतली नोंद दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर महसूल आणि संरक्षण ही दोन खाती तेथे एकाच छताखाली होती.

१७१२मध्ये मुंबईच्या गव्हर्नराचे सशस्त्र जहाजच आंग्र्यांच्या आरमाराने पकडले. त्यावरील एका इंग्रज स्त्रीच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये मोजावे लागले आणि १७१३मध्ये इंग्रजांनी तह केला. त्याच सुमारास छत्रपती शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजींवर चालून आले आणि स्वतःच कैद झाले. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भट यांना वाटाघाटीसाठी पाठवले. हे भट मूळचे श्रीवर्धनचे. आंग्र्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने त्यांच्या घराण्याला देशोधडीस लावले, असे सांगतात. १७१४च्या तहाने कान्होजी शाहूंच्या पक्षात आले. या तहात दहा किल्ले मिळाले, सरखेलपद कायम झाले, हे पाठ्यपुस्तकांत येते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की किनारा आणि घाटमाथा एकमेकांशी पुन्हा बोलू लागले. त्याचे फळ सात वर्षांनी दिसले.

चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने आंग्र्यांचा नायनाट करण्याचा चंग बांधला. १७१७च्या एप्रिलात विजयदुर्गावर मोहीम झाली, ती फसली. १७१८च्या नोव्हेंबरात खांदेरीवर झाली, तीही फसली. या दुसऱ्या मोहिमेत पूर्वी कान्होजींच्या चाकरीत असलेला माणूएल द कास्त्रो नावाचा पोर्तुगीज इंग्रजांकडून लढत होता. कुलाब्याकडून येणारी होडकी अडवणे हे त्याचे काम. तरी रसद किल्ल्यात पोचली. पराभवाला कारण हवे असते, आणि आपल्या योजनेत दोष होता असे मानण्यापेक्षा आपली योजना कोणी तरी फोडली असे मानणे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोपे जाते.

संशय जाऊन पडला तो रामा कामती यांच्यावर. हे मुंबईतले सधन शेणवी व्यापारी आणि कंपनीच्या देशी शिपायांचे सरदार. कंपनीशी त्यांचे संबंध कित्येक वर्षांचे. १७१५मध्ये वाळकेश्वराचे देऊळ त्यांनी पुन्हा उभे केले होते, आणि १७१८च्या नाताळात इंग्रजांचे नवे प्रार्थनामंदिर, म्हणजे आजचे सेंट थॉमस कॅथीड्रल, उघडले तेव्हा ते आपल्या जातभाईंसह तेथे उपस्थित होते. अशा माणसाने खांदेरीच्या मोहिमेची आगाऊ खबर कान्होजींना दिली, असा आरोप आला. पुरावा म्हणून त्यांच्या शिक्क्याचे एक पत्र पुढे करण्यात आले. साक्ष मिळवण्यासाठी अंगठ्यांवर लोखंडी पेच आवळण्यात आले. १७२०मध्ये त्यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली गेली आणि मालमत्ता जप्त झाली. १७२८मध्ये ते कैदेतच वारले. तो शिक्का बनावट होता, हे उघड झाले तेव्हा फार उशीर झाला होता.

या खटल्याकडे केवळ परकीय सत्तेचा अन्याय म्हणून पाहिले तर त्यातले मर्म हातचे जाते. गुप्तता राखण्याची कंपनीला गरज होती, हे मान्यच केले पाहिजे. मोहिमेची खबर फुटली तर शिपाई मरतात. पण मोहिमेची माहिती कोणाकोणाला होती, ती कोणत्या दिवशी कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याचा शोध घेण्याऐवजी कंपनीने एक माणूस निवडला आणि त्याच्याभोवती पुरावा रचला. बातमी खरोखर फुटली असेल तर ती वाट उघडीच राहिली. आणि मुंबईत ज्याच्या शब्दाला किनाऱ्यावर वजन होते, असा एक माणूस कंपनीने स्वतःच्या हाताने गमावला. त्याच वर्षी विजयदुर्गावर तिसरी मोहीम गेली. फ्राम नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून नेला होता. त्याची तोफांची भोके अशी पाडली होती की गोळे किल्ल्यावर न जाता पाण्यात पडत. तेथे तर कोणा फितुराची आवश्यकताच नव्हती.

१७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूझचे राजनौदल, कंपनीचे सैन्य आणि पोर्तुगीजांची फौज मिळून सहा हजारांवर माणूस कुलाब्यावर चालून गेला. जहाजे दोघांची, सैन्य दोघांचे; पण एकाचा जासूद दुसऱ्यास काही सांगेना. मॅथ्यूझ पोर्तुगीज सेनापतीवर काठी उगारण्यापर्यंत गेला. इकडे कान्होजींचा निरोप घाट चढून गेला आणि शाहूंचे स्वार खाली उतरले. पाठोपाठ बाजीराव पेशवे आले. डिसेंबरातला हल्ला फसला. पुढच्याच महिन्यात पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून स्वतंत्र तह उरकला. दोन्ही मित्रांनी एकमेकांना विश्वासघातकी म्हटले आणि दोघांचेही म्हणणे थोडेफार खरे होते. १७२४मध्ये डचांनी विजयदुर्गावर आरमार आणले, तेही हात हलवीत परतले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी अपराजित अवस्थेत वारले.

थोरले पुत्र सेखोजी १७३३मध्ये गेले आणि भाऊबंदकी उफाळली. १७३५मध्ये दौलतीची वाटणी झाली: मानाजी कुलाब्यास, संभाजी दक्षिणेस. वाटण्या जमिनीच्या, किल्ल्यांच्या आणि जहाजांच्या होतात असे आपण धरतो. या वाटणीत बातमीही वाटली गेली. उत्तरेकडच्या पाण्यात काय चालले आहे हे विजयदुर्गास कळेनासे झाले. १७४०मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आले, तेव्हा मानाजींनी पेशव्यांचीच नव्हे, तर इंग्रजांचीही मदत घेतली. बापाने ज्यांना आपल्या पाण्यात येऊ दिले नाही, त्यांना मुलाने भावाविरुद्ध बोलावले.

संभाजींनंतर तुळाजी आले. ते शूर होते, पण पेशव्यांशी त्यांचे बिनसले होते. १७५५मध्ये पेशव्यांचे रामाजी महादेव आणि इंग्रज यांच्यात करार झाला आणि सुवर्णदुर्ग पडला. विजयदुर्गाजवळ मोठी जहाजे नेता येत नाहीत, ही समजूत मुंबईत पक्की होती. डिसेंबर १७५५मध्ये कमोडोर जेम्सने किल्ल्याच्या जवळ जाऊन पाण्याची खोली मोजली आणि ती समजूत खोटी ठरली. वाघोटणच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या होडी घालणाऱ्या कोणत्याही तांडेलाला जे ठाऊक होते, ते कळण्यास इंग्रजांना पहिल्या मोहिमेपासून अडतीस वर्षे लागली. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून घेतलेल्या रिस्टोरेशन या जहाजाने पेट घेतला आणि तेथे उभे असलेले सगळे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांच्या माणसांशी बोलणी करीत आहेत असे कळताच क्लाइव्हने आपले सैन्य उतरवून मराठे आणि किल्ला यांच्यामध्ये उभे केले. लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती येण्यास ऑक्टोबर उजाडला. आणि मराठ्यांचे सर्वांत समर्थ आरमार मराठ्यांच्याच संमतीने नष्ट झाले होते.

या चरित्राचा आजच्या कारभाराशी संबंध जोडणे कोणास ओढूनताणून वाटेल. पण १९९३च्या प्रारंभी दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली, तेव्हा किनाऱ्यावर सीमाशुल्क खाते होते, पोलीस होते. दोन्ही खात्यांतली काही माणसे पुढे विशेष न्यायालयात दोषी ठरली. बातमी दुसऱ्या खात्याला दिली तर ती चोराच्या कानी जाईल, ही प्रामाणिक अधिकाऱ्याची भीती अशा घटनांनी खरी ठरते. २००८च्या नोव्हेंबरात उलटे घडले. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी आल्या होत्या. त्यांची दखल जशी घ्यायला हवी होती तशी घेतली गेली नाही, हे राम प्रधान समितीच्या चौकशीतून पुढे आले. मुंबईच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना कोळ्यांनी हटकलेही होते. २००९पासून सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली, संयुक्त कार्यवाही केंद्रे निघाली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. ही सुधारणा मोलाची आहे. तथापि केंद्र संयुक्त झाल्याने सवयी संयुक्त होत नाहीत. साध्या कचेरीत कोणतेही टपाल आवक-जावक नोंदवहीत चढल्याशिवाय टेबलावरून हलत नाही; गुप्त बातमीलाही अशी बंद कपाटातली नोंदवही हवी. कोणी दिली, कोणास केव्हा मिळाली, तिचे काय झाले, हे तीत लिहिलेले असले तर दडपलेली बातमीही सापडते आणि फुटलेलीही, आणि रामा कामतींसारखा बळी शोधावा लागत नाही.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचे मच्छीमार गेली कित्येक वर्षे परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर आणि प्रखर दिव्यांच्या नौका यांच्याविरुद्ध तक्रारी करीत आहेत. रात्री अनोळखी नौका कोठे दिसली, किती होत्या, कोणत्या दिशेने गेल्या, हे त्या तक्रारींत असते. सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांकही त्यांना दिलेले आहेत. पण पोटावर पाय आलेला माणूस मत्स्यव्यवसाय खात्याकडे जातो, आणि तेथे त्याच्या अर्जावर १९८१च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली अवैध मासेमारीचे प्रकरण होते. त्याच अर्जाची एक प्रत त्याच दिवशी सागरी पोलीस ठाण्यात आणि तटरक्षक दलाकडे जावी, आणि नौका कोणाची निघाली हे अर्जदाराला आठवड्याच्या आत कळवले जावे, एवढी व्यवस्था करण्यासाठी नवी नौका विकत घ्यावी लागत नाही.