पंडिता रमाबाईंचं रोजचं वाचन

पंडिता रमाबाई आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केल्या आहेत: जन्म १८५८, शारदा सदन १८८९, केडगावचं मुक्ती मिशन. सोलापूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना दौंड सोडलं की हेच केडगाव लागतं. याच गावात राहून रमाबाईंनी अख्खं बायबल एकटीनं मराठीत आणलं. त्याविषयी लिहावंसं वाटलं.

रमाबाई पोथ्यांतच वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, आईनं लेकीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण वाची. ऐकणाऱ्याला अर्थ कळो न कळो, कानावर पडलं की पुण्य लागतं, अशी समजूत होती. १८७४ मध्ये हलाखीत आईवडील गेले. भावाबरोबर पायपीट करत १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिथंच कोणीतरी संस्कृत बायबल हाती दिलं. एवढ्या पंडितेलाही ते उमगेना, पण पुस्तक त्यांनी जपून ठेवलं.

१८८२ मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परतल्यावर विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं आणि वर्षभरानं ते पुण्याला नेलं. तिथं कोणावरही धर्म लादायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई मात्र स्वतःचं रोजचं बायबलवाचन आणि प्रार्थना दार उघडं ठेवून करत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि पुण्यात गदारोळ उठला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांनी विश्वासानं मुली ठेवल्या होत्या, त्यांची धास्तीही समजते. दार लावून घेतलं असतं, तर वाद कदाचित टळला असता. रमाबाईंनी ते लावलं नाही.

पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो बायकामुली केडगावला आल्या, अक्षरं शिकल्या, बायबल वाचू लागल्या. पण तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं. रोज वाचायचं आणि कळायचं नाही, म्हणजे लहानपणचंच पुन्हा! मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत भाषांतर करू लागल्या. मिशनच्याच छापखान्यात बायका खिळे जुळवत. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं.

आता रोजचं वचन सकाळी मोबाइलवर येतं. बोटानं सरकवलं की वाचन झालं! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे असं ॲप बनवणं किती सोपं आहे, हे मला माहीत आहे. वाचणाऱ्याला कळलं का, एवढं मात्र त्यात मोजता येत नाही. धडा संपला की आपले सर आणि बाई तेच विचारायचे आणि आपण सगळे एका सुरात हो म्हणायचो. कोणी बायबल वाचत असेल, कोणी ज्ञानेश्वरी, कोणी कुराण. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं त्या एका प्रश्नासाठी दिली.