अखंड नोंदीचा राखणदार : नानाभाई मूस

मित्रांनो, मांडवीला कधीच फिरायला गेला नाही असा होस्टेलाइट शोधून सापडणार नाही. सबमिशन संपलं की मांडवी, पेपर अवघड गेला की मांडवी, घरून मनीऑर्डर आली की भेळ खायला पुन्हा मांडवी! फर्स्ट इयरला सीनिअर मंडळी तिथे एक गंमत दाखवतात. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक घ्यायचं आणि वाळूतून फिरवायचं. क्षणात त्याला काळ्याभोर मिशा फुटतात. मांडवीच्या समुद्राला आपण काळा समुद्र म्हणतो तो या वाळूमुळेच. तिच्यात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजं आहेत.

लोह आणि चुंबक यांची ही ओढ आपल्यासाठी करमणूक आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच कोकण किनाऱ्यावर एका इंजिनिअरने आपल्या चुंबकांना लोखंड आणि वीज यांच्यापासून दूर ठेवण्यासाठी केवढा खटाटोप केला, ते वाचल्यावर मला तो माणूस आपल्या ब्रँचचाच वाटला. त्यांचं नाव नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस.

त्यांच्यापर्यंत मी पोचलो तो एका फजितीमुळे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट एका बाहेरगावच्या मशीनवर चालत होता आणि आम्ही रत्नागिरीत बसून त्याच्यावर लक्ष ठेवत होतो. एका रात्री तो बंद पडला. लॉग उघडला तर काय, त्या मशीनचं घड्याळ चुकलेलं, जुनी फाइल नव्या फाइलने पुसलेली आणि उरलेल्या नोंदीत कामाचं काहीच नाही! चूक शंभर टक्के आमचीच. व्हायवाला खाली मान घालून उभे होतो तेव्हा सरांनी एवढंच सुचवलं, की कुलाबा आणि अलिबाग वेधशाळांची गोष्ट वाचून या. ती वाचली, म्हणून हा लेख.

नानाभाई मूस यांचा जन्म १८५९ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ते स्कॉटलंडला एडिनबरो विद्यापीठात विज्ञान शिकले आणि कालांतराने एडिनबरोच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. म्हणजे पाया आपल्यासारखाच, इंजिनिअरिंगचा. पूल किंवा धरणे बांधून नाव कमावता आले असते. पण त्यांच्या वाट्याला आली कुलाब्याची वेधशाळा.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. खगोलाचे वेध घ्यावेत आणि जहाजांना अचूक वेळ मिळावी हा हेतू होता. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली आणि १८४६ पासून त्यांची सलग मालिका लागली. सुरुवातीच्या काळात तिथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे आपले मराठी गणिती होते. केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. पुढे पुण्यात ते लोकमान्य टिळकांचे गुरू झाले आणि लोकमान्यांचा जन्म तर आपल्या रत्नागिरीतला! असो.

त्या काळी नोंद घ्यायची म्हणजे माणसाने उपकरणापाशी जाऊन डोळ्यांनी वाचायचे आणि वहीत लिहायचे. दिवस असो, रात्र असो, धो धो पाऊस असो. नेहमीच्या दिवशी तासाला एक वाचन. पण सुई अस्वस्थ दिसू लागली की वाचने दर पंधरा मिनिटांनी किंवा अगदी दर पाच मिनिटांनी घ्यायची. कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच समजेल. आज आपण चालू प्रोग्रॅम न थांबवता दुरून त्याची लॉग लेव्हल वाढवतो. एरवी मोजक्या नोंदी, गडबड दिसली की बारीकसारीक तपशील. हीच युक्ती कुलाब्याचे निरीक्षक हाताने करत होते.

त्या मेहनतीची किंमत १८५९ मध्येच ठरून गेली होती, पण कोणाला ठाऊक नव्हती. त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रचंड झळाळी पाहिली. पाठोपाठ जगभर चुंबकीय वादळ झाले, तारयंत्रे बिघडली. कुलाब्याचे निरीक्षक त्या वेळीही वाचने घेत होते. मूस जन्मले ते याच वर्षी. त्या नोंदींचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

१८७० नंतर कुलाब्याला फोटोग्राफीवर चालणारी स्वयंनोंदी उपकरणे आली. रचना साधी पण डोकेबाज. टांगलेल्या चुंबकाला एक छोटा आरसा. आरशावर पडलेला प्रकाशाचा झोत परावर्तित होऊन, घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या रुळावरच्या फोटोच्या कागदावर पडायचा. चुंबक किंचित हलला तरी कागदावरची रेघ सरकायची. शेजारी एक न हलणारा आरसा असायचा आणि त्याची सरळ रेघ म्हणजे तुलनेचा आधार. ठराविक अंतराने वेळेच्या खुणा उमटायच्या. शिवाय वेगळ्या उपकरणांनी प्रत्यक्ष मोजमाप करून ही आधाररेघ पुन्हा पुन्हा तपासली जायची. आमच्या प्रोजेक्टमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या, बरोबर घड्याळ आणि तुलनेचा आधार.

१८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर मूस या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेच वर्ष मुंबईत प्लेग आल्याचे. माणसे शहर सोडून पळत होती. अशा काळात हाती आलेल्या संस्थेचा पन्नास वर्षांचा वारसा त्यांना सांभाळायचा होता. १८९८ च्या सुमारास कुलाब्याला मिल्न यांचा भूकंपमापकही सुरू झाला. चुंबक, हवामान आणि भूकंप, तिन्हींच्या नोंदी आता एका छताखाली येत होत्या.

आणि मग ट्राम आली! मुंबईतल्या घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे घाटत होते. शहराच्या दृष्टीने ही प्रगतीच. पण ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि त्याने आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र बिघडते. मग कागदावरची रेघ सूर्यामुळे हलली की ट्राम गेली म्हणून हलली, हे ओळखणार कसे? ही अडचण फक्त मुंबईची नव्हती. कॅनडात टोरांटोची चुंबकीय वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये ॲजिनकोर्टला हलवावी लागली होती. इंग्लंडमधल्या क्यूचे कामही पुढे स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युरला गेले.

विचार करा, मूस यांच्यासमोर काय होते. ट्राम अडवणे शक्य नाही. जागेवर राहिले तर नोंदी होत राहणार, पण खोट्या. आणि उपकरणे उचलून दुसरीकडे नेली तर १८४६ पासूनचा धागा तुटणार, कारण दोन ठिकाणचे चुंबकीय क्षेत्र कधीच तंतोतंत सारखे नसते. कुठूनही नुकसानच.

त्यांनी जागा निवडली अलिबागची. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, समुद्रकाठी आणि ट्रामपासून लांब. इमारत बांधताना त्यांच्यातला इंजिनिअर जागा झालेला दिसतो. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच थोडा चुंबकीय असतो. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म पारखून आणला. बांधकामात लोखंड वर्ज्य. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू सगळे तांब्या-पितळेचे. तापमान बदलले तरी चुंबकावर परिणाम होतो, म्हणून खोलीच्या आत खोली अशी रचना, म्हणजे बाहेरच्या उन्हापावसाची आत दखलही नको. मांडवीची वाळू तिथे कोणी नेली असती तर मूससाहेबांनी त्याला दारातूनच परत पाठवले असते!

पण माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इमारतीत नाही, ते त्यापुढच्या दोन वर्षांत आहे. अलिबाग १९०४ मध्ये सुरू झाले तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे कुलाब्याला एखादा बदल झाला तर त्याच क्षणी अलिबागला किती होतो हे आकड्यांत कळले. दोन ठिकाणांतला फरक कळला की जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. तोपर्यंत जोडकाम पुरे झाले होते. आज कंपन्यांत जुनी सिस्टिम बंद करण्याआधी नवी तिच्याबरोबर चालवून दोन्हींचे निकाल ताडून पाहतात. मूस यांनी तेच केले, आणि तेही कॉम्प्युटर नसताना.

त्यानंतरचे काम म्हणजे दुरून देखरेख. मूस मुंबई आणि अलिबाग अशा दोन्ही वेधशाळांचे संचालक होते आणि दोन्हींच्या नोंदी त्यांच्या देखरेखीखाली एकत्र छापल्या जात. मध्ये समुद्र. दुरून काम करायचे तर कोणती नोंद कधी, कशी घ्यायची याची शिस्त पक्की लागते, कारण शंका आली म्हणून दर वेळी धावत जाता येत नाही. आज आपण वेगवेगळ्या सर्व्हरचे लॉग एका ठिकाणी आणून त्यांवर नजर ठेवतो तेव्हाही अडचण हीच असते. सगळीकडे वेळ एकच हवी आणि नोंदीची पद्धत एकच हवी. नाहीतर ढीग जमतो, अर्थ लागत नाही.

मूस नुसते साठवून थांबले नाहीत. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी त्यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केल्या. पहिल्यात उपकरणे आणि आकडे, दुसऱ्यात त्यांची चर्चा. अनेक वादळे एकत्र अभ्यासून त्यांनी वादळाचे सर्वसाधारण रूप शोधले. आधी एकदम उसळी, मग आडव्या चुंबकीय बलात मोठी घट आणि मग सावकाश पूर्वपदावर येणे. जगातल्या पुढच्या अभ्यासकांना हे खंड उपयोगी पडले. दोन दशकांहून अधिक काळ संचालकपद सांभाळून मूस निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता १८५९ चे राहिलेले सांगतो. कुलाबा आणि अलिबागचा वारसा १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून कॅरिंग्टन वादळाच्या कुलाब्यातल्या नोंदी पुन्हा तपासल्या. आडवे बल तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले होते! तुलनेसाठी सांगतो, मार्च १९८९ मध्ये ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज काही तास घालवली, त्याची जागतिक सरासरी घट ६०० च्या आत होती. १८५९ सारखे वादळ पुन्हा आले तर उपग्रह, मोबाइल, वीजपुरवठा यांचे काय होईल याचा अंदाज बांधताना आजही कुलाब्याच्या त्या वाचनांकडे पाहिले जाते. वाचने घेणारे निरीक्षक आणि ती जपणारे मूस यांच्या हयातीत उपग्रह नव्हतेच. पण नोंद होती, म्हणून प्रश्न पडल्यावर उत्तर सापडले.

आम्ही आता प्रोजेक्टमध्ये तीन गोष्टी केल्यात. सगळ्या मशीनची घड्याळं जुळवली, लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायला सुरुवात केली आणि नवी आवृत्ती चालू करताना जुनी आठवडाभर तशीच चालू ठेवली. फार मोठं काही नाही. पण मागच्या महिन्यात पुन्हा प्रोग्रॅम पडला तेव्हा कारण दहा मिनिटांत सापडलं.

मित्रांनो, लॉग हा शब्दही मुळात जहाजांवरचा. वेग मोजायला गाठी मारलेल्या दोराला लाकडाचा ओंडका बांधून समुद्रात टाकायचे आणि वेग वहीत लिहायचे. त्या वहीचे नाव आपल्या फाइलला चिकटले. तेव्हा पुढच्या वेळी मांडवीच्या जेटीवर बसाल, बोट दिसेल, हातात काळी वाळू येईल, तेव्हा याच किनाऱ्यावर उत्तरेला अलिबागमध्ये नोंद अजून चालू आहे हे आठवा. आणि रूमवर गेल्यावर डिस्क भरली म्हणून जुने लॉग पुसायला जाल, तेव्हा एकदा थांबा. ते कोणाला आणि कधी लागतील, हे आज आपल्याला सांगता येत नाही.