खोक्यावरचा माणूस

अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत केक मिक्सचा खोका असतोच. त्यावरचं डंकन हाइन्स हे नाव मला कितीतरी वर्षं नुसतं कंपनीचं वाटायचं. निघाला खराखुरा माणूस! आणि तोही बेकरीवाला नव्हे, तर शिकागोत छपाईची कामं मिळवणारा फिरता विक्रेता.

जन्म १८८० चा, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनचा. आई लहानपणीच गेली, आजीच्या हातचं जेवून वाढला. पुढे नोकरीपायी गावोगाव भटकंती, म्हणजे जेवण बाहेरचंच. तेव्हा अनोळखी गावातल्या हॉटेलात पोट बिघडायची धास्ती असे. हा पठ्ठ्या सरळ स्वयंपाकघरात डोकावायचा आणि चांगली ठिकाणं वहीत टिपून ठेवायचा. सुट्टीत बायको फ्लॉरेन्सही बरोबर असे.

१९३५ च्या नाताळात त्याने मित्रांना शुभेच्छापत्राऐवजी १६७ हॉटेलांची यादी पाठवली. मागणी एवढी वाढली, की १९३६ मध्ये पुस्तकच काढावं लागलं. पुस्तकात हॉटेलांची जाहिरात नाही, फुकटचं जेवण नाही. बिल स्वतःच्या खिशातून. म्हणूनच त्याच्या नावाची पाटी दिसली की लोक निर्धास्त गाडी थांबवत.

उतारवयात त्याने तेच नाव तयार खाद्यपदार्थांना दिलं. १९५९ साली तो गेला. पुढे पुस्तकं बंद पडली, खोका तेवढा उरला.

आता नव्या गावात जेवायला जाताना आपण फोनवर तारे मोजतो. ते देणाऱ्याने बिल स्वतः भरलं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.