नाथांचा गाता संसार

पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र वारकऱ्यांना नवे नाही. फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की फडावर, मठात, गावच्या देवळात नाथांची आख्याने सुरू होतात. श्रीखंड्याची कावड आणि तहानलेल्या गाढवाला पाजलेली गंगेची कावड, या कथा तर शेंबडी पोरेही सांगतात. आम्ही आज त्या वाटेने जात नाही. माणूस ज्या वयात संसाराच्या ओझ्याने वाकतो आणि टाळ खुंटीला टांगतो, त्या वयात नाथांच्या वाड्यात काय चालले होते, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

कारणही सांगतो. आमच्या वरंधच्या बाजूला, घाटाखालच्या महाड-पोलादपूरच्या मुलखात, सप्ताह पुष्कळ होतात. कीर्तन आटोपले, बुक्का लागला, की चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ जवळ येऊन एक गोष्ट हमखास बोलून जातात. तरुणपणी आपण पखवाज वाजवीत होतो, आता मुलांची शिक्षणे, मुंबईची नोकरी, घरातली आजारपणे, यांतून सवड कुठली. पुढे म्हातारपणी बघू. त्यांचं काही खोटं नाही हो. पण म्हणूनच नाथ डोळ्यांपुढे येतात. ते बैरागी नव्हते, संन्यासी नव्हते. बायको, दोन मुली, एक मुलगा, दारात रोजचे पाहुणे, असे भरल्या घरातले गृहस्थ होते.

आणि घर म्हणजे काय, हे त्यांना लहानपणी पुरते कळलेही नव्हते. इ. स. १५३३ च्या सुमारास पैठणला त्यांचा जन्म झाला. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही बाळपणीच गेले. पणजोबा भानुदास म्हणजे विजयनगरहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून संप्रदायात पूज्य. पण पोराला वाढवले ते आजोबा चक्रपाणींनी आणि आजीने. पुढे मुलगा देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे गेला, तिथे राहिला, हिशेब शिकला, ज्ञानेश्वरी शिकला, तीर्थयात्रा करून परतला. तेव्हा गुरूंनी त्याला गुहेत धाडले नाही, तर पैठणला राहून लग्न कर, अशी आज्ञा केली. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संसार हा नाथांना चुकून लागलेला फास नव्हता, ते गुरूने नेमून दिलेले काम होते.

गिरिजाबाई घरात आल्या आणि वाडा गाऊ लागला. पहाटे गोदास्नान, मग पूजा, भागवताचे वाचन, दुपारी पंगत, पुन्हा पुराण, आणि रात्री घरच्याच ओसरीवर हरिकीर्तन. टाळ, वीणा, मृदंग यांचा घोष रोजचा. हे कीर्तन सणावाराचे नव्हते आणि बिदागीचे तर नव्हतेच. घरात रोज चूल पेटते तसे ते रोज होत होते. मुलींनी पाळण्यात ऐकले ते हेच, आणि हरी रांगू लागला तोही टाळांच्या नादातच. याच घरात पुरणपोळीच्या लोभाने राहिलेला गावबा नावाचा मुलगा ऐकता ऐकता असा तयार झाला, की नाथांचे अपुरे राहिलेले भावार्थ रामायण पुढे त्याने पुरे केले. त्याला कोणी निराळे शिकवायला बसल्याचे चरित्रकार सांगत नाहीत.

नाथांनी नुसते ऐकवले नाही, ऐकलेही पुष्कळ. पैठण हे मोठे बाजाराचे आणि तीर्थाचे गाव. पहाटे वासुदेव यायचा, मग पांगूळ, जोशी, बाळसंतोष. देवीच्या नवसाला गोंधळी, जोगवा मागणाऱ्या बाया, पोत नाचवणारे भुते, वाघ्या-मुरळी. त्यांच्या चाली, त्यांचे हेल, त्यांची थट्टा जशीच्या तशी उचलून नाथांनी भारुडे केली. सव्वाशेच्या आसपास विषय आणि तीनशेच्या घरात रचना. ज्याने दारावर आलेल्याला पसाभर धान्य घालून उभ्याउभ्या वाटेला लावले, त्याला हे साधत नाही. उंबऱ्यात बसून, बायकामुलांसकट हसत ऐकावे लागते. सासू-सुनेची कटकट, नवऱ्याचे दारिद्र्य, पोरांचा लकडा, हेही त्या भारुडांत आले ते घरातूनच. संसारावर एवढे हसता येते ते संसारात मुरलेल्यालाच.

गिरिजाबाईंची एक कथा महिपतिबुवांनी सांगितली आहे. नाथांना राग आणून दाखवीन अशी पैज मारून एक गृहस्थ घरात शिरला. पानावर बसल्यावर, गिरिजाबाई वाढायला वाकल्या तोच त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. नाथ एवढेच म्हणाले, की जप, पाहुणा पडेल. त्यावर गिरिजाबाईंनी हसून सांगितले, की हरीला पाठीवर घेऊन कामे करायची सवय आहे, पडू देणार नाही. कीर्तनात आम्ही ही कथा नाथांच्या शांतीसाठी सांगतो. पण खरी शांती कोणाची, तुम्हीच पाहा. रोज रात्री नाथांचे कीर्तन रंगत होते, त्यामागे दिवसभराच्या या बाईच्या पंगती होत्या. तिचे नाव आख्यानात घाईने घेतले जाते, हे आम्हांला बरे वाटत नाही.

ग्रंथांचे सांगायचे तर नाथांचे मोठे काम ऐन मध्यमवयातले. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला सुरू झाली, काशीस पुरी झाली, ती १५७३ साली. नाथ तेव्हा चाळिशीचे. अठरा हजारांहून अधिक ओव्या. आणि पन्नाशीच्या सुमारास त्यांचा गळा दुखू लागला. ज्याचे सगळे देणेघेणे गळ्यावर, त्याचा गळा धरला म्हणजे काय होते, हे गाणाऱ्यालाच ठाऊक. ज्ञानेश्वरमाउली स्वप्नात आली आणि अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती काढ, असे सांगून गेली. नाथ आळंदीस गेले, रान तोडून समाधीचे ठिकाण शोधले, मुळी काढली. परत येऊन १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपण पारायणाला बसतो ती वाट त्या दुखऱ्या गळ्याने मोकळी केलेली आहे.

आता घरातली अवघड गोष्ट. मुलगा हरी मोठा झाला, शास्त्रे शिकला, हरिपंडित म्हणून नावाजला. त्याला वडिलांचे दोन प्रकार सोसेनात. एक, संस्कृत सोडून प्राकृतात पुराण सांगणे. दुसरे, कोणाच्याही घरी जेवणे. आम्ही स्वतः अमरकोश आणि लघुकौमुदीवर वाढलेले, म्हणून या मुलाची हेटाळणी आमच्याने होत नाही. रूपे आणि सूत्रे घोकताना जो अभिमान अंगात भरतो तो लवकर उतरत नाही, आणि त्या अभिमानात विद्येवरचे प्रेमही असते. वाद वाढला, तेव्हा हरिपंडित घर सोडून काशीस गेले.

नाथ त्यांच्यामागे काशीस गेले. बाप मुलाची समजूत काढायला एवढा लांब जातो! मुलाने दोन अटी घातल्या: यापुढे मराठी पुराण बंद, आणि परान्न बंद. नाथांनी त्या मान्य केल्या.

इथे आम्ही कीर्तनात नेहमी थांबतो. ज्या वाणीसाठी काशीच्या पंडितांपुढे हा पुरुष वाकला नाही, ती वाणी त्याने मुलासाठी गप्प ठेवली. घराला गाणे हवे, की मुलगा हवा? नाथांनी मुलगा घरी आणला. पुराण आता हरिपंडित संस्कृतातून सांगू लागले. अर्थ चोख, पण श्रोते हळूहळू कमी झाले. बायाबापड्या येईनात. ज्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची तिथे चार विद्वान बसू लागले. त्या दिवसांत नाथांनी तोंडातून तक्रारीचा शब्द काढल्याचे कोणी सांगत नाही. बाहेरच्यांची निंदा सोसण्याहून हे गप्प राहणे कठीण, असे आमचे मत आहे.

पुढे काय झाले ते महिपतिबुवा सांगतात. एका गरीब बाईचा सहस्र ब्राह्मणांना जेवू घालण्याचा नवस होता, ऐपत मात्र नव्हती. एकट्या नाथांना जेवू घाल, तेवढ्याने नवस फिटेल, असे तिला कोणी सुचवले. ती नाथांना बोलवायला आली, पण परान्नाची अट आड होती. हरिपंडितांनी तोड काढली, की स्वयंपाक आपण करू. तसे झाले. जेवण आटोपल्यावर हरिपंडित वडिलांची पत्रावळ उचलू लागले, तर खाली दुसरी. ती उचलली, तर तिसरी. मोजता मोजता हजार भरल्या. मुलगा तिथेच वडिलांच्या पायांवर पडला. दोन्ही अटी सुटल्या, वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले, आणि बायाबापड्या पोरेबाळे घेऊन ओसरीवर परतल्या.

लेकीच्या बाजूनेही हा झरा वाहिला. मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव. त्यांनी महाभारताची पर्वे मराठीत आणली. आजोबांच्या घराचा नाद नातवाच्या ओवीत उतरला, यात नवल ते काय!

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. वाडा आता मंदिर झाला आहे. तुकाराम बीजेपासून तिथला रांजण भरायला घेतात, आणि षष्ठीला पैठणचे वाळवंट दिंड्यांनी फुलते. नाथांच्या मागे हरिपंडित दर आषाढीला वडिलांच्या पादुका घेऊन पंढरीची वाट चालू लागले. ज्यांनी मराठी पुराण बंद करविले होते, तेच मराठी अभंगांच्या गजरात त्या पादुका मिरवीत निघाले. पैठणहून ती पालखी अजूनही दर आषाढीला निघते.