दोन घटका अंधारात

१३ डिसेंबरच्या रात्री ठाकुर्लीच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहायला जातो. पाच मिनिटे वर बघतो, मोबाइल काढून फोटो घेतो, फोटोत नारिंगी धुरकटपणाखेरीज काही येत नाही आणि तो निराश होऊन खाली उतरतो. उल्का पडत असतात, पण त्याचे डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतात. डोळ्यांना किती वेळ द्यावा, याचा हिशेब १८९२ सालच्या एका मराठी पुस्तकाच्या नावातच आहे. ते पुस्तक म्हणजे ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ आणि त्याचे लेखक शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिक्षक होण्यासाठी शिकले आणि मॅट्रिकही झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, वेधशाळेशी संबंध नव्हता. आयुष्यभर त्यांनी सरकारी शाळेत शिकवले आणि जिथे बदली झाली तिथे गेले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे असा तो प्रवास होता.

१८८०च्या सुमारास ते ठाण्याच्या मराठी शाळेत होते. ठाण्याहून कल्याणला रेल्वे सुरू होऊन तेव्हा पाव शतक लोटले होते, पण वाटेतल्या गावांत रात्री तेलाचे दिवे आणि चांदणे एवढाच उजेड असे. चोळे-ठाकुर्लीचे रेल्वेचे वीजघर पुढच्या शतकातले. त्या काळात पंचांगाचा वाद गाजत होता. मकरसंक्रांत आकाशातल्या खऱ्या उत्तरायणारंभाशी, म्हणजे २२ डिसेंबरच्या आसपास धरावी, असे सायनवाद्यांचे म्हणणे होते. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे तिघेही या बाजूचे. पंचांगातले गणित आकाशाशी जुळते की नाही हे पाहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

२७ नोव्हेंबर १८८५ रोजी, बिएला नावाच्या फुटलेल्या धूमकेतूच्या अवशेषांतून देवयानी तारकासमूहाच्या दिशेने उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. त्या रात्री प्राग शहरात लाडिस्लाउस वाइनेक या खगोलशास्त्रज्ञाने काचेच्या पट्टीवर एका उल्केची रेघ टिपली. उल्केचा हा पहिला फोटो. दीक्षित तेव्हा बार्शीच्या शाळेत शिकवत होते. त्यांच्यासारख्या निरीक्षकापाशी साधन म्हणजे डोळे, वही आणि धीर एवढेच.

हे साधन कमी दर्जाचे नाही, मात्र त्याला वेळ लागतो. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात रंग आणि बारकावे दाखवतात, तर दंडपेशी मंद प्रकाश टिपतात. दंडपेशींतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात मोडते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. त्याला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात डोळ्याची संवेदनक्षमता हजारो पटींनी वाढते. मोबाइलचा पांढरा उजेड मात्र ही सगळी कमाई काही क्षणांत घालवतो. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. त्यामुळे दोन घटकांपैकी पहिली डोळे तयार व्हायला जाते आणि आकाश खऱ्या अर्थाने दिसते ते दुसरीत.

पाहण्याच्या याच सवयीतून दीक्षितांचे सर्वांत गाजलेले अनुमान निघाले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आज कृत्तिका पूर्वेपासून बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीच्या अक्षाची दिशा फार सावकाश बदलत जाते, म्हणून हा फरक पडतो. दीक्षितांनी गणित मांडले आणि कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवण्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. या कालनिर्णयावर पुढे बराच वाद झाला. जे. एफ. फ्लीट यांना गुप्तकाळातल्या शिलालेखांच्या तिथी पडताळायला त्यांनीच मदत केली. रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबरचा इंग्रजी ग्रंथ आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी महाग्रंथ, दोन्ही १८९६ मध्ये आले. १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस होते.

ठाकुर्लीचे आकाश आता त्यांच्या वेळेसारखे राहिलेले नाही. कल्याणला गाडी बदलून वांगणीपर्यंत गेले तर बराच अंधार मिळतो. चटईवर उताणे पडावे, अंगावर पांघरूण घ्यावे. टॉर्चला लाल कागद लावावा, कारण लाल उजेडाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून रुंद भिंगाने, पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहावेत आणि त्याचा पडदा बंद ठेवावा. मध्यरात्रीनंतर उल्का जास्त दिसतात.

वयानुसार बाहुली कमी उघडते आणि अंधाराला सरावायला जास्त वेळ लागतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण अर्धा तास थांबूनही काही दिसत नसेल किंवा संधिप्रकाशात ठेचा लागत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. अ जीवनसत्त्वाची कमतरता, मोतीबिंदू, मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम किंवा पडद्याचा आनुवंशिक आजार यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

गच्चीवरूनच पाहायचे असेल, तर रात्री साडेदहा-अकराला कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात. दिवे मालवून त्यातले तारे मोजावेत, एक घटका थांबावे आणि पुन्हा मोजावेत. आकडा वाढला, की उल्का पाहायला डोळे तयार झाले असे समजावे.