बारामतीचे मोरोपंत आणि बिनपैशाची पोथी

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील आपल्या मंडळ्यांत वाचावयास शिकलेलीं माणसें आतां पुष्कळ आहेत. परंतु वाचण्यास पुस्तक कोठून आणावें, हा प्रश्न अजून घरोघर आहे. धान्य झालें, मीठमिरची झाली, मुलांचे कपडे झाले, म्हणजे पुस्तकासाठीं गांठीस कांहीं राहत नाहीं. हा प्रश्न आपल्याच वेळीं उत्पन्न झाला असें मात्र कोणीं समजूं नये. सवादोनशें वर्षांपूर्वीं याच कऱ्हेच्या कांठीं एक गृहस्थ राहत होते. त्यांच्या हयातींत इकडच्या कोणत्याहि बाजारांत मराठी छापील पुस्तक विकत मिळत नव्हतें. तरी त्यांनीं मोठमोठे ग्रंथ वाचले, आणि स्वतः इतकें लिहिलें कीं तितकें लिहिणारा दुसरा मराठी कवि दाखविणें कठीण आहे. हे गृहस्थ म्हणजे मोरोपंत. त्यांच्या आर्या शाळेंत पाठ केलेल्या पुष्कळांस त्यांचें नांव ठाऊक असेल. त्यांच्या हातीं ग्रंथ कसे आले, आणि त्यांचे ग्रंथ लोकांच्या कानीं कसे गेले, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

त्यांचें पूर्ण नांव मोरेश्वर रामाजी पराडकर. कुळ कऱ्हाडे ब्राह्मणांचें. मूळ ठिकाण कोंकणांत राजापुराकडील सौंदळ. चाकरीच्या निमित्तानें घराणें घाट चढून पन्हाळ्यास आलें, आणि तेथें इ. स. १७२९ मध्यें मोरोपंतांचा जन्म झाला. पन्हाळ्यास केशव पाध्ये व गणेश पाध्ये असे दोघे विद्वान् बंधु होते. त्यांच्यापाशीं पंतांनीं संस्कृत काव्य, व्याकरण, अलंकार, वेदान्त इत्यादि विषयांचा अभ्यास केला. त्या काळच्या रीतीप्रमाणें गुरु फी घेत नसत. शिष्यानें घरचें काम करावें, गुरुजींची सेवा करावी, आणि गुरूच्या घरची पोथी हीच आपली पोथी समजावी. ती घरीं नेतां येत नसे म्हणून पाठ करावी लागे. आज आपण पुस्तक कपाटांत ठेवतों. त्या वेळचा गरीब विद्यार्थी तें डोक्यांत ठेवी.

पोथी म्हणजे काय वस्तु होती हें येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण हल्लींच्या तरुण वाचकांनीं ती फार तर एखाद्या जुन्या घरीं कापडांत बांधलेली पाहिली असेल. हातानें बनविलेला कागद घ्यावा. आपल्या बाजूस जुन्नरचा व पलीकडे दौलताबादेचा कागद नांवाजलेला होता. दिव्याच्या काजळीची शाई करावी, तींत डिंक घालावा. बोरू तासून टांक करावा. हिशेब व पत्रें मोडींत भराभर लिहीत, पण पोथी बाळबोध अक्षरांत लिहावयाची, आणि बाळबोध लिहिणें सावकाशीचें काम. पानें सुटीं असत. वरखालीं लांकडी फळ्या देऊन तीं रुमालांत बांधीत. पानें शिवलेलीं नसल्यामुळें एकाच पोथीचीं पानें दोघांतिघांनीं वांटून घेऊन नक्कल करितां येत असे. लिहिणारा शेवटच्या पानावर पुष्कळदां एक विनंती लिहून ठेवी: या पोथीस तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधूं नका, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. ज्यानें महिनेच्या महिने पाठ मोडून ती उतरली, त्यास ती इतकी जीव कीं प्राण वाटावी यांत नवल नाहीं.

अशी पोथी पैसे देऊन लिहवून घेणें हें सरदार-सावकारांचें काम. पैसा नसलेल्या माणसास तिघांपैकीं एक मार्ग धरावा लागे. ज्याच्या घरीं पोथ्या आहेत त्याच्या घरीं जाऊन वाचणें. मागून आणून स्वतःच्या हातानें उतरून घेणें. किंवा दुसरा वाचीत असतां ऐकणें. शेवटला मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत रुळलेला होता.

वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या सुमारास मोरोपंत बारामतीस आले. त्यांचे वडील तेथें नाईकांच्या चाकरीस होते. नाईक हें मोठें सावकारी घराणें. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई ही याच घरांत आबाजी नाईकांस दिलेली होती. आबाजींचे बंधु बाबूजी नाईक यांनीं पंतांस आश्रय दिला. नाईकांचा भक्कम वाडा बारामतींत कऱ्हेजवळ आजहि उभा आहे. या घरीं पंत पुराणिक झाले. पुराणिकानें रोज नेमानें संस्कृत ग्रंथ श्रोत्यांपुढें वाचावा आणि मराठींत त्याचा अर्थ सांगावा. त्याचा निर्वाह यजमानाकडून होई, आणि श्रोत्यांस कवडी पडत नसे. पंत श्रीमंत नव्हते. दुसऱ्याच्या आश्रयावर चालणारा त्यांचा संसार होता. परंतु ज्या कामाबद्दल पोटास मिळावें तेंच काम ग्रंथ वाचण्याचें असावें, हें भाग्य किती जणांच्या वांट्यास येतें? उरलेलें सारें आयुष्य, सुमारें चाळीस वर्षें, त्यांनीं बारामतीसच काढिलें. मध्यें उतारवयांत काशीयात्रा मात्र केली.

या चाळीस वर्षांत जें काम झालें त्याचा हिशेब अभ्यासकांनीं केला आहे. लहानमोठ्या रचना अडीचशेंहून अधिक, आणि पद्यें सुमारें पाऊण लक्ष. सबंध महाभारत त्यांनीं मराठी आर्यांत आणिलें. त्या आर्या सुमारें सतरा हजार भरतात. भागवत आणिलें, हरिवंश आणिला. रामाची कथा तर शंभरावर निरनिराळ्या रीतींनीं सांगितली. त्यांपैकीं एकींत ओंठ मिटून उच्चारावें लागणारें अक्षर येऊंच दिलें नाहीं! असल्या कसरतीचें कौतुक पंडितांस फार. आम्हांस तें तितकें वाटत नाहीं. पंतांची भाषा संस्कृत शब्दांनीं लादलेली आहे आणि कित्येक आर्या उलगडण्यास शेजारीं शास्त्री बसवावा लागतो, हा आरोप जुनाच असून तो अगदींच खोटा नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत पंतांची बाजू मोठ्या आवेशानें मांडिली, पण तेवढ्यानें भाषा सोपी झाली नाहीं. मात्र एक गोष्ट खरी. ज्यास संस्कृत येत नाहीं आणि ज्यापाशीं पोथीस पैसा नाहीं, अशा मनुष्याच्या कानांवर सबंध भारत मराठींत पडण्याची सोय या एका माणसानें घरीं बसून केली.

आतां या सतरा हजार आर्या गांवोगांव गेल्या कशा तें पहा. कोणी चांगला लेखक दिवसास शंभर आर्या उतरील असें धरलें, तर भारताची एक प्रत होण्यास साडेपांच महिने लागतात. अशा प्रती किती होणार? पोथी मागें राहिली, आणि पद्य पुढें चालूं लागलें. कीर्तनकारांनीं पंतांच्या आर्या पाठ केल्या व त्या आख्यानांत घालून देवळादेवळांतून म्हटल्या. सोलापूरचे शाहीर रामजोशी आधीं लावण्या करीत व तमाशा उभा करीत. मोरोपंतांच्या भेटीनंतर ते कीर्तनाकडे वळले आणि पंतांची कविता त्यांनीं देशभर गाजविली, असें परंपरेनें सांगतात. बारामतीहून सणसर, निमगांव केतकी, इंदापूर ही पंढरपुराकडील वाट; याच वाटेनें तुकोबांची पालखी आजहि दरसाल जाते. ज्यास एक अक्षर वाचतां येत नव्हतें असा शेतकरी अशा वाटांवर ऐकलेलीं पद्यें घरीं नेई, आणि नांगर धरून तीं म्हणे. पुस्तकाचें मोल त्यास कोणी मागितलें नाहीं.

परंतु हें वाचन फुकट असलें तरी सर्वांस मोकळें नव्हतें, आणि ही गोष्ट आपल्या वाचकांपुढें झांकून ठेवणें बरें नव्हे. पुराण वाड्यांत किंवा देवळांत चाले. त्या उंबरठ्याच्या आंत महार, मांग, चांभार यांस पाऊल ठेवतां येत नसे. तें पेशवाईचें राज्य होतें, आणि विटाळाचे नियम त्यांत कडक होते. गांवकुसाबाहेरच्या माणसास पोथीजवळ जातां येत नव्हतें, मग ती उतरून घेण्याची गोष्ट कोणी काढावी? दुरून, भिंतीपलीकडून, वाऱ्यावर येईल तेवढें त्यानें ऐकावें. आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज याच परगण्यांत त्या वेळीं होते, आणि कऱ्हेचें पाणीहि ते वेगळ्या घाटावर भरीत. पैसा नसणें ही एक अडचण. दार बंद असणें ही दुसरी. पहिलीवर पंतांसारख्यांनीं उपाय केला, दुसरीस हात लाविला नाहीं. त्यांस यासाठीं एकट्यास दोष देणें योग्य होणार नाहीं, परंतु जें घडलें तें असें घडलें.

इ. स. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेस मोरोपंत बारामतीस वारले. त्यापूर्वीं थोडेच महिने, १७९३ च्या नोव्हेंबरांत, विल्यम केरी नांवाचा एक इंग्रज कलकत्त्यास उतरला होता. हा मूळचा चांभार. जोडे शिवीत असतां धन्याच्या फळीवर पडलेल्या एका टीकाग्रंथांत त्यानें ग्रीक अक्षरें प्रथम पाहिलीं, आणि मागून आणलेल्या पुस्तकांवर तो अनेक भाषा शिकला. बारामतीचा पुराणिक आणि इंग्लंडचा चांभार यांची भेट होणें शक्यच नव्हतें. पण पंतांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनीं, १८०५ त, श्रीरामपुरास केरीनें मराठी व्याकरण व मत्तयाचें शुभवर्तमान छापून काढलें. त्याच वर्षीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून ती छापण्याचा उद्योग आधीं पुण्यास नाना फडणविसांच्या आश्रयानें आरंभिला गेला होता. त्याहून फार पूर्वीं, १६१६ त, गोमंतकांत पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें होतें, परंतु त्याचा ओघ घाट चढून इकडे आला नाहीं.

छापखान्यानें काय केलें तें मुंबईच्या एका मुलाच्या गोष्टीवरून चांगलें कळतें. जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा, जन्म १८३९. लहानपणींच तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागला. तेथें थॉमस ग्रॅहॅम साहेब मराठी अक्षरांचे सुबक खिळे पाडवीत असत. ती विद्या शिकून जावजीनें पुढें स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, आणि १८६९ त निर्णयसागर छापखाना उभारला. याच छापखान्यांतून वामन दाजी ओक यांच्या देखरेखीखालीं जुन्या मराठी कवींची कविता काव्यसंग्रह या नांवानें भागाभागानें निघाली, आणि तींत मोरोपंत आले. जी नक्कल होण्यास साडेपांच महिने लागत, तिच्या शेंकडों प्रती एका यंत्रानें निघूं लागल्या.

त्याआधींच, १८५४ त, परशुरामपंत गोडबोले यांनीं नवनीत नांवाचा वेंच्यांचा ग्रंथ सिद्ध केला होता. तो शाळांतून चालला, आणि पंतांच्या निवडक आर्या मुलांच्या तोंडीं बसल्या. त्याच सुमारास, १८५२ त, पुण्यास जोतीराव फुले यांनीं महार-मांगांच्या मुलांकरितां शाळा घातली होती, आणि मिशनच्या शाळाहि चालू होत्या. छापील पान हातीं आल्यावर तें वाचणाराची जात विचारीत नाहीं. वाड्याच्या भिंतीपलीकडे उभ्या राहणाऱ्याच्या नातवास आतां तीच आर्या फळ्यासमोर बसून वाचतां येऊं लागली. सर्व ठिकाणीं नव्हे, आणि एका दिवसांतहि नव्हे. पुष्कळ गांवांत त्या मुलास ओट्यावर किंवा दाराबाहेरच बसवीत.

पुढें रामकृष्ण दत्तात्रेय पराडकर यांनीं १९१२ पासूनच्या कांहीं वर्षांत पंतांचे समग्र ग्रंथ संपादून काढले. ते भाग आज दुकानांत सहसा मिळत नाहींत. परंतु ज्या ग्रंथकारास वारून इतकीं वर्षें झालीं त्याच्या मूळ ग्रंथांवर कोणाचा मालकी हक्क राहत नाहीं, आणि जुन्या छापील पुस्तकांचीं छायाचित्रें इंटरनेट आर्काइव्हवर कोणासहि पैशावांचून पाहतां येतात. मोबाईल घरोघर आहेच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेंहि आपलीं पुष्कळ प्रकाशनें त्याच रीतीनें फुकट वाचण्यास ठेविलीं आहेत. शिवाय १९६७ च्या कायद्याप्रमाणें सरकारी अनुदान मिळणारीं सार्वजनिक ग्रंथालयें लहान गांवांतहि आहेत. तेथें वर्तमानपत्र वाचावयास बसणाऱ्यांनीं आंतल्या कपाटाची किल्ली मागून पाहावी. ती पुष्कळदां वर्षेंच्या वर्षें कोणी मागितलेली नसते.

ज्या उपदेशकांस पंतांची ओळख करून घ्यावयाची आहे त्यांनीं भारतापासून आरंभ करूं नये. केकावली घ्यावी. ती पृथ्वी वृत्तांत असून तींत सुमारें सव्वाशें श्लोक आहेत. अर्थ अडेल तेथें दादोबा पांडुरंग यांनीं १८६५ त प्रसिद्ध केलेली टीका पाहावी. तिला त्यांनीं आपल्या आईबापांच्या नांवांवरून यशोदापांडुरंगी असें नांव दिलें आहे. वहीचीं थोडीं पानें आणि एक टांक एवढेंच लागतें. रोज संध्याकाळीं दिवा लागल्यावर दहा श्लोक उतरले, तर तेरा दिवसांत सबंध केकावली आपल्या हाताच्या अक्षरांत घरीं राहते.